क्लॅरेंडनचं कुंपण: मध्ययुगीन इंग्लंडमधल्या एका डिअर पार्कचा इतिहास

इंग्लंडच्या दक्षिणेला विल्टशायरमध्ये सॅलिसबरी हे शहर आहे, उंच मनोऱ्याच्या कॅथेड्रलसाठी प्रसिद्ध. तिथून पूर्वेला पाचेक किलोमीटर चाललं की झाडीत एका राजवाड्याचे अवशेष दिसतात. चकमकीच्या दगडांची एक उंच भिंत तेवढी उभी आहे, बाकी बहुतेक पाया आणि गवत. हा क्लॅरेंडनचा राजवाडा. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचं नाव येतं ते ११६४ च्या बैठकीमुळे. दुसरा हेन्री आणि कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट यांच्यातली धुसफूस इथंच उघड झाली. चर्चचे अधिकार आवळणारी सोळा कलमं राजानं इथंच पुढे केली. दोन वर्षांनी, ११६६ मध्ये, परिसरातल्या बारा प्रतिष्ठितांनी शपथेवर संशयित गुन्हेगारांची नावं सांगावीत हा नियमही इथंच ठरला. ज्यूरीच्या इतिहासाची सुरुवात सांगताना बरेच जण इथपर्यंत मागे जातात.

एवढे मोठे निर्णय लंडन सोडून या आडरानात का झाले? राजा इथं यायचा तो हरणांसाठी, आणि राजा जिथं असेल तिथं दरबार भरायचा. राजवाड्याभोवतीचं रान कुंपण घालून राखलं होतं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्याची हद्द वाढली आणि क्षेत्र सुमारे ४,३०० एकरांवर गेलं. मध्ययुगीन इंग्लंडमधलं हे सर्वांत मोठं डिअर पार्क मानलं जातं. राजवाड्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्या कुंपणाबद्दल लिहायचंय, कारण डिअर पार्क नावाची व्यवस्था समजून घ्यायची तर कुंपणापासूनच सुरुवात करावी लागते. जेवणाच्या ताटापासून तुरुंगापर्यंत बाकी सगळं त्याच्यामागून आलं.

आधी एक घोळ मिटवू. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ‘फॉरेस्ट’ आणि ‘पार्क’ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. रॉयल फॉरेस्ट म्हणजे कायद्यानं आखलेली हद्द. त्या हद्दीत गावं होती, शेती होती, माळरानं होती, आणि जंगलही होतं. जमीन कुणाचीही असो, तिथल्या हरणांवर हक्क राजाचा आणि कायदाही वेगळा, इतकाच त्याचा अर्थ. भोवती कुंपण नसायचं, हरणं मोकळी फिरायची. पार्क याच्या उलट. ते लहान, खासगी आणि चारी बाजूंनी बंद. राजाचं असू शकतं, बिशपचं, मठाचं किंवा एखाद्या सरदाराचंही. क्लॅरेंडन हे राजाचं पार्क होतं आणि भोवती त्याच नावाचं फॉरेस्टही होतं, म्हणून दोन्ही गोष्टी तिथं एकाला एक लागून दिसतात.

१०८६ मध्ये विल्यम राजानं देशभरच्या जमिनीची जी नोंद करून घेतली, त्या डूम्सडे बुकात पार्कं सापडतात पस्तीसच्या आसपास. जुन्या रानांचे अभ्यासक ऑलिव्हर रॅकहॅम यांच्या अंदाजानुसार १३०० च्या सुमाराला ती संख्या ३,२०० पर्यंत गेली होती आणि देशाची जवळपास २ टक्के जमीन या कुंपणांच्या आत होती. दोनशे वर्षांत एवढी वाढ झाली त्यात एका प्राण्याचा वाटा फार मोठा आहे.

इंग्लंडची मूळची हरणं दोन: थोराड रेड डिअर आणि छोटं रो डिअर. रेड डिअरला पाय मोकळे करायला मोठा मुलूख लागतो. रो आपापली हद्द राखून एकेकटं किंवा लहान गटात राहतं, कोंडलं तर सुखी राहत नाही. फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन लोकांनी अकराव्या शतकाच्या शेवटी तिसरं हरीण आणलं, ते फॅलो. मूळचं ते तुर्कस्तानाकडचं. उन्हाळ्यात अंगावर पांढरे ठिपके असतात, त्यामुळे आपल्याला पहिल्या नजरेत चितळाची आठवण होते, पण नराची शिंगं पाहिली की फरक कळतो. ती टोकाशी सपाट आणि पसरट असतात. रोमन काळातही ससेक्सच्या किनाऱ्याजवळ फिशबर्नला काही फॅलो आणली होती, हे तिथल्या हाडांवरून कळतं, पण तो वंश टिकला नाही. नॉर्मनांनी आणलेला टिकला. फॅलो कळपानं राहतं, थोड्या जागेत निभावून नेतं, गवतही खातं आणि पालाही, आणि निकस जमिनीवर बऱ्यापैकी मांस धरतं. पार्कासाठी याहून सोयीचं जनावर नव्हतं. पुढची कित्येक शतकं इंग्रज डिअर पार्क म्हणजे मुख्यतः फॅलोचं पार्क.

आता ते कुंपण. इंग्रजीत त्याला ‘पेल’ म्हणत. आधी हद्दीवर चर खणायचा आणि निघालेली माती बाहेरच्या बाजूला टाकून बांध घालायचा. बांधाच्या माथ्यावर ओकच्या उभ्या फळ्यांचं कुंपण. किल्ल्याचा खंदक बाहेर असतो, कारण शत्रू बाहेरून येणार असतो. इथं चर आत, कारण अडवायचं ते आतल्या जनावराला. उडी मारायला आलेलं हरीण चरात उतरतं आणि त्याच्या डोळ्यांसमोर बांध अधिक कुंपण अशी दुहेरी उंची उभी राहते. फळ्या करवतीनं कापत नसत. ओकच्या ओंडक्यात पाचरी ठोकून तो फाडत. असा ओंडका तंतूंच्या रेषेनं फाटतो, फळीत पाणी कमी मुरतं आणि ती जास्त वर्षं टिकते. तरी जमिनीत गाडलेलं लाकूड कुजणारच. म्हणजे कुंपण एकदा घातलं आणि झालं असं कधीच नव्हतं. दर वर्षी कुठला ना कुठला पट्टा नव्यानं उभा करावा लागे. अनेक जहागिरींत हे काम कुळांच्या वेठीत धरलेलं असायचं, अमुक कुळानं अमुक लांबीचं कुंपण नीट ठेवायचं असं. कुंपणाबाहेरची एक अरुंद पट्टीही मालक आपल्याच ताब्यात ठेवायचा. दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाला चालायला वाट हवी.

खर्चाचा हिशोब करून पाहिला की या व्यवस्थेतली उतरंड दिसते. क्लॅरेंडनच्या ४,३०० एकरांना सुमारे १६ किलोमीटरचं कुंपण होतं. म्हणजे एकरी पावणेचार मीटरच्या आतबाहेर. आता एखाद्या छोट्या सरदाराचं १०० एकरांचं पार्क धरा. कमीत कमी लाकूड लागावं म्हणून त्यानं ते अगदी गोल आखलं, तरी घेर सव्वादोन किलोमीटर होतो, म्हणजे एकरी साडेबावीस मीटर. राजाच्या सहापट. जुन्या पार्कांचे कोपरे गोलसर का असतात याचं उत्तर याच गणितात आहे. आणि तरीही शेकडो छोट्या जमीनदारांनी हा खर्च उचलला. नुसत्या मांसाचा हिशोब केला तर तो आतबट्ट्याचा होता. त्याच जमिनीत मेंढ्या घातल्या असत्या तर लोकर आणि मटण, दोन्हींचे पैसे हातात आले असते. पार्क बाळगणं म्हणजे आपण त्या वर्गातले आहोत हे मैलभर दुरून दिसेल असं सांगणं होतं. माझ्या मते हे लक्षात घेतलं नाही तर ३,२०० पार्कांचा अर्थच लागत नाही.

कुंपणात एक युक्तीची जागाही असायची. तिला ‘डिअर लीप’ म्हणत. तिथं बाहेरच्या बाजूनं जमीन चढत चढत कुंपणाच्या माथ्यापर्यंत आणलेली, आणि आतल्या बाजूला सरळ खोल चर. बाहेरचं हरीण चढ चढून आत उडी मारू शकतं, पण आतून परत वर येऊ शकत नाही. शेजारी रॉयल फॉरेस्ट असेल तर या एका उतारामुळे राजाची हरणं सरदाराच्या पार्कात फुकट जमा होत. त्यामुळे डिअर लीपसाठी वेगळी परवानगी लागे, आणि ती न घेता कुणी तसली जागा केली तर राजाचे अधिकारी ती बुजवायला लावत.

पार्क करायलाच मुळात परवाना लागायचा, निदान फॉरेस्टच्या हद्दीजवळ तरी. परवाना देण्याआधी राजाचे लोक स्थानिकांना बोलावून चौकशी करत की या कुंपणानं राजाचं किंवा आणखी कुणाचं काय नुकसान होईल. बऱ्याचदा आड यायचा तो रस्ता. मग मालक स्वतःच्या खर्चानं दुसरा रस्ता काढून द्यायचा आणि जुना बंद व्हायचा. आजही इंग्लंडच्या ग्रामीण भागात एखादा रस्ता काही कारण नसताना मोठा वळसा घालतो, त्यामागे कधी कधी सातशे वर्षांपूर्वीचं पार्क निघतं. रस्त्याची भरपाई मिळायची. चराईचं दुखणं मात्र तसंच राहायचं. ज्या रानात गावाची गुरं पिढ्यानपिढ्या चरली, जिथून सरपण आणलं, तिथं एका वर्षी ओकच्या फळ्या उभ्या राहिल्या. कुठं गावकऱ्यांचा काही हक्क शिल्लक राहिला, कुठं थोडाफार मोबदला मिळाला, कुठं काहीच नाही. ऑक्सफर्डजवळच्या वुडस्टॉकला पहिल्या हेन्रीनं सात मैलांची दगडी भिंत घातली आणि आत सिंह, बिबटे, उंट असे परदेशी प्राणी ठेवले. माम्सबरीच्या विल्यम या त्या काळच्या इतिवृत्तकारानं त्यातल्या साळिंदराचं मोठ्या नवलानं वर्णन केलंय. भिंतीच्या वाटेत कुणाची शेतं गेली त्याचं वर्णन करायची गरज त्याला वाटली नाही.

पार्कातलं वर्षभराचं काम कसं चालायचं ते जरा जवळून पाहू. सगळा कारभार पार्कर नावाच्या नोकराच्या हाती. त्याचं राहणं पार्कातल्याच लॉजमध्ये, म्हणजे राखणीच्या घरात, शक्यतो उंचावर, जिथून कुंपण आणि कळप दोन्ही दिसतील. क्लॅरेंडनसारख्या अवाढव्य पार्कात अशी लॉजं एकाहून अधिक होती. पार्काचे साधारण तीन प्रकारचे भाग असायचे. पहिला ‘लाउंड’, म्हणजे मोकळं गवताळ कुरण. दुसरा, विरळ झाडांची चराऊ जमीन. इथल्या झाडांचा शेंडा जमिनीपासून दोन-तीन मीटरवर छाटत, म्हणजे नवे धुमारे हरणाच्या तोंडाला लागत नाहीत आणि दर काही वर्षांनी लाकूड मिळत राहतं. तिसरा भाग कॉपिसचा. यात हेझल, ॲशसारखी झाडं जमिनीलगत तोडतात आणि बुंध्यातून पुन्हा फुटू देतात. पण कोवळा फुटवा म्हणजे हरणांची मेजवानी. तोडल्यानंतरची पहिली काही वर्षं त्या तुकड्याला पार्काच्या आत पुन्हा स्वतंत्र कुंपण घालत. फुटवा हरणांच्या उंचीबाहेर गेला की ते काढून कळपाला आत सोडत आणि पुढचा तुकडा तोडायला घेत. असं एक चक्र चालू असायचं.

हिवाळा हा कसोटीचा काळ. मोकळं हरीण अन्न कमी पडलं तर दुसरीकडे जातं. कुंपणातलं जाणार कुठं? म्हणून पार्कर गवताच्या गंजी राखायचा, आणि थंडी कडक झाली की हॉली, आयव्ही अशा सदाहरित झाडांच्या फांद्या तोडून कळपापुढे टाकायचा. तरीही दाटीवाटीच्या कळपात रोग शिरला तर शेकड्यानं जनावरं मरत. उन्हाळ्यात पाडसं जन्मतात. २४ जूनच्या मागचे-पुढचे पंधरा-पंधरा दिवस फॉरेस्ट कायद्यानं रानात वर्दळ बंद असायची, पिलावळीला त्रास होऊ नये म्हणून. शिवाय पार्कात हरणं एकटी क्वचितच असत. गुरं चरत, शरद ऋतूत ओकची फळं खायला पैसे घेऊन डुकरं सोडत, सशांची बिळं राखत (ससेही नॉर्मनांनीच आणलेले), मासळीची तळी असत, आणि इमारती लाकूड तर होतंच. क्लॅरेंडनच्या रानाची कमाई हरणांपेक्षा या बाकीच्या गोष्टींतून होत असे, कारण हरणाच्या मांसातून पैसे मिळतच नव्हते.

हा भाग आजच्या वाचकाला सर्वांत चमत्कारिक वाटेल. हरणाचं मांस बाजारात उघडपणे विकायला नसायचं. ते पैशानं मिळत नाही, यातच त्याची किंमत होती. ते मिळायचे मार्ग तीन: स्वतःचं पार्क असणं, ज्याचं पार्क आहे त्याची मर्जी असणं, किंवा चोरी. तिसऱ्या हेन्रीच्या काळच्या सरकारी नोंदींत अशी कितीतरी पत्रं आहेत: अमक्या बिशपला दोन नर द्यावेत, तमक्याच्या लग्नासाठी एवढे, अमक्यानं नवं पार्क केलंय, त्याला कळप सुरू करायला जिवंत हरणं द्यावीत. जिवंत हरणं जाळी लावून पकडत आणि गाड्यांतून नेत. राजाच्या हातची ही भेट जमिनीहून स्वस्त होती आणि निष्ठा बांधून ठेवायला कमी उपयोगी नव्हती.

मोठ्या सणाला आकडे डोळे फिरवतात. १२५१ च्या नाताळात तिसऱ्या हेन्रीची मुलगी मार्गारेट हिचं लग्न यॉर्कला स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर याच्याशी लागलं. नवरा-नवरी दोघंही दहा-अकरा वर्षांची. त्या जेवणावळीसाठी राजानं ४३० रेड डिअर, २०० फॅलो आणि २०० रो मागवली होती. ही काही राजानं स्वतः मारली नाहीत. आपल्या मनातलं चित्र असं की राजा घोडा फेकतोय, पुढे कुत्री आणि त्यापुढे हरीण जिवाच्या आकांतानं पळतंय. तशी शिकार होती, पण ती मोकळ्या रानातली, शक्यतो मोठ्या रेड डिअरच्या नराची. पार्कात पाहुण्यांसाठी हाका करत: कळप हाकत हाकत एका ठरलेल्या जागी आणायचा, तिथं धनुष्यबाण घेऊन माणसं उभी. आणि बहुतेक हरणं तर पगारी शिकाऱ्यांनीच मारली. राजाचा हुकूम घेऊन ते कुत्र्यांसह एका पार्कातून दुसऱ्या पार्कात जायचे, सांगितलेली संख्या मारायचे, मांस खारवून पिंपांत भरायचे आणि राजा जिथं असेल तिकडे गाड्यांनी पाठवायचे. उन्हाळ्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नर, कारण तेव्हा ते चरबीनं भरलेले असतात, हिवाळ्यात माद्या.

हरीण कापण्यालाही मानपान होते. पोट फाडणं, कातडं सोलणं, सांधे सोडवणं, सगळ्याचा क्रम ठरलेला, आणि तो बिनचूक येणं हे कुलीनपणाचं लक्षण समजलं जाई. कातड्यावर रक्तात भिजवलेला पाव ठेवून कुत्र्यांना त्यांचा वाटा द्यायचा. कमरेच्या हाडाचा एक तुकडा कावळ्यासाठी झाडावर टाकायचा. पुढचा एक फरा पार्करचा हक्काचा, दुसरा कापणाऱ्याचा किंवा चांगल्या शिकाऱ्याचा. मागचे फरे मालकाच्या घरी. हे सगळं फक्त शिकारीच्या पोथ्यांतच असतं तर मी त्यावर एवढा भर दिला नसता. पण पुरातत्त्वज्ञांनी किल्ल्यांच्या उकिरड्यांतली हाडं मोजली, तेव्हा तिथं मागच्या पायांची हाडं पुढच्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली, आणि रानराख्यांच्या वस्तीवर पुढच्या फऱ्यांची. मधला कमरेचा भाग बऱ्याचदा कुठंच नाही. पोथीतला विधी माणसं खरोखर पाळत होती.

चोरीकडे वळू. इथं कायद्याची एक गंमतशीर अडचण होती. हरीण जंगली प्राणी, आणि जंगली प्राणी कुणाच्या मालकीचा नसतो हे जुनं तत्त्व. मग पार्कातलं हरीण मारणाऱ्याला चोर म्हणायचं कसं? गुन्हा धरला गेला तो ‘पार्क फोडल्याचा’, म्हणजे पुन्हा कुंपणच आलं. १२३६ मध्ये मर्टन इथल्या सभेत सरदारांनी मागणी केली की आमच्या पार्कांत आणि तळ्यांत सापडलेल्यांना आमच्याच तुरुंगात टाकू द्या. राजानं नकार दिला. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यानं मात्र पार्क फोडणाऱ्याला नुकसानभरपाई, वर तीन वर्षांचा तुरुंगवास आणि सुटकेसाठी दंड अशी शिक्षा ठरवली. तुलनेसाठी पाहा, रॉयल फॉरेस्टमध्ये त्याआधीच, १२१७ च्या फॉरेस्ट चार्टरनं, हरणापायी कुणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही असं वचन दिलेलं होतं. त्याच चार्टरमध्ये एक सुरेख कलम आहे. राजाच्या बोलावण्यावरून फॉरेस्टमधून जाणाऱ्या बिशप किंवा सरदाराला वाटेत एक-दोन हरणं मारता येतील, पण राखणदाराच्या देखत. राखणदार हजर नसेल तर शिंग फुंकायचं, लपूनछपून मारलं असं दिसू नये म्हणून.

पार्क फोडणारे सगळे उपाशी गरीब होते असं समजू नका. खटल्यांत शेजारचे जमीनदार, त्यांची मुलं, पाद्री, मठातले साधू अशी मंडळी भरपूर दिसतात. शेजाऱ्याशी वैर असेल तर दहा-वीस माणसं आणि कुत्री घेऊन त्याच्या पार्कात घुसायचं, कुंपण मोडायचं, हरणं मारायची. त्यात मांस मिळायचं ते वेगळं, मुख्य म्हणजे त्याची अब्रू जायची. गरिबांचा राग वेगळ्या वेळी बाहेर आला. १३८१ च्या शेतकरी उठावात ठिकठिकाणी पार्कं फुटली. हेन्री नाइटन या इतिवृत्तकाराच्या नोंदीप्रमाणे उठावाचा पुढारी वॉट टायलर यानं राजापुढे ज्या मागण्या ठेवल्या त्यांत पाण्यातली, पार्कातली आणि रानातली शिकार सर्वांना खुली करावी हीही होती. टायलर त्याच भेटीत मारला गेला. नऊ वर्षांनी, १३९० मध्ये, पार्लमेंटनं कायदा केला: वर्षाला ४० शिलिंगांपेक्षा कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या सामान्य माणसानं शिकारी कुत्रा, जाळी किंवा फासे बाळगायचे नाहीत. कारण त्यातच लिहिलंय. कारागीर आणि मजूर सणाच्या दिवशी चर्चला जायच्या वेळी शिकारीला जातात आणि शिकारीच्या निमित्तानं जमून कटकारस्थानं करतात. उठावाची धास्ती त्या वाक्यात अजून ताजी आहे. शिकार उत्पन्नाशी बांधणारा हा पहिला मोठा कायदा, आणि त्याचे वंशज इंग्लंडमध्ये १८३१ पर्यंत चालले.

क्लॅरेंडनवर परत येऊ. तिसऱ्या हेन्रीनं या राजवाड्यावर हात सैल सोडून खर्च केला. १२५१ मध्ये त्यानं आपल्या एका दालनाच्या भिंतीवर क्रुसेडच्या धर्मयुद्धातल्या अँटिओकच्या वेढ्याची कथा आणि रिचर्ड राजाचं द्वंद्वयुद्ध रंगवायला सांगितलं. राजाच्या चॅपेलसाठी वर्तुळाकार नक्षीची रंगीत फरशी जागेवरच भट्टी लावून भाजली होती. १९३० च्या दशकात टँक्रेड बोरेनियस आणि जॉन चार्लटन यांनी उत्खनन केलं, तेव्हा ती फरशी आणि ती भट्टी दोन्ही सापडली. आता ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. १४५३ च्या ऑगस्टमध्ये सहावा हेन्री इथं असतानाच त्याची शुद्ध हरपली. वर्षाहून अधिक काळ तो कुणाला ओळखत नव्हता, आणि त्या पोकळीतून पुढे गादीसाठीचं यादवी युद्ध पेटलं. त्यानंतर राजांचं येणं कमी होत गेलं. १५७४ मध्ये पहिली एलिझाबेथ क्लॅरेंडनला शिकारीला आली, तेव्हा राजवाडा राहण्याजोगा उरला नव्हता. हरणं मात्र होती.

पार्कांची उतरण त्याच्या बरीच आधी सुरू झाली होती. १३४८-४९ च्या प्लेगनं मजूर अर्ध्यावर आणले, मजुरी वाढली, वेठीला माणसं मिळेनात. सोळा किलोमीटर सोडा, सव्वादोन किलोमीटरचं कुंपण नीट ठेवणंही छोट्या जमीनदाराला जड झालं. अनेकांनी हरणं काढली आणि जमीन चराईला भाड्यानं दिली. ट्यूडर काळात श्रीमंतांनी पुन्हा नवी पार्कं केली; १५७० च्या दशकातले ख्रिस्तोफर सॅक्स्टनचे नकाशे पाहिले तर प्रत्येक परगण्यात कुंपणाची छोटी छोटी वर्तुळं काढलेली दिसतात. मग १६४० च्या दशकातल्या यादवीत सैनिकांनी आणि गावकऱ्यांनी कितीतरी कळप संपवले. १६६४ मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं क्लॅरेंडन जनरल जॉर्ज मंक याला बक्षीस दिलं आणि पाच शतकांचं राजाचं रान खासगी इस्टेट झालं. आज तिथं शेती आहे, झाडी आहे. राजवाड्याच्या अवशेषांजवळून सॅलिसबरी ते विंचेस्टर ही लांब पल्ल्याची पायवाट जाते. हद्दीवरचा बांध बऱ्याच ठिकाणी अजून दिसतो.

सगळीच पार्कं अशी विरली नाहीत. बर्मिंगहॅमजवळचं सटन पार्क १५२८ मध्ये बिशप व्हेसीच्या खटपटीनं आठव्या हेन्रीच्या सनदेतून गावकऱ्यांना मिळालं. त्याचे २,४०० एकर आजही शहराच्या पोटात मोकळे आहेत. लेस्टरशायरचं ब्रॅडगेट पार्क १२४१ पासून नोंदीत आहे. १९२८ मध्ये चार्ल्स बेनियन या उद्योजकानं ते विकत घेऊन जनतेला दिलं. तिथं रेड डिअर आणि फॅलो अजून फिरतात आणि कुणीही आत जाऊन ती पाहू शकतं. मला या दोन्ही पार्कांचं विशेष वाटतं ते यासाठी की माणसांना बाहेर ठेवायला बांधलेली जागा त्यांच्याच हाती आली.

आणखी एक ठेवा राहिला, जो कुणी ठरवून ठेवला नव्हता: म्हातारे ओक. लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानातल्या एका अभ्यासकानं युरोपभरच्या जुन्या ओकांची मोजदाद केली, तेव्हा प्राचीन म्हणावेत असे ओक सर्वांत जास्त इंग्लंडमध्ये निघाले, आणि त्यांतले पुष्कळ जुन्या डिअर पार्कांच्या हद्दीत. छाटत राहिलेलं झाड बुटकं, पोकळ आणि वेडंवाकडं होतं, गलबताच्या फळीसाठी निकामी ठरतं, म्हणून कुऱ्हाडीतून वाचतं. त्याच्या पोकळीत कुजक्या लाकडावर जगणारे असे भुंगेरे आणि बुरश्या असतात ज्या तरुण जंगलात मिळतच नाहीत.

पार्कं मोडली तेव्हा फॅलो मात्र कुंपणातून निसटून रानावर पसरली. आज इंग्लंडमधली बहुतेक मोकळी फॅलो या फरारी कळपांची संतती आहेत. लांडगा आणि लिंक्स हे मोठं रानमांजर तिथून केव्हाच नामशेष झालेत, त्यामुळे या हरणांना आवरणारं कुणी नाही. हेझल तोडलं की फुटवा वर येण्याआधीच खाल्ला जातो, रानफुलं आणि झुडपांत घरटी करणारे पक्षी कमी होतात. म्हणून जुनी कॉपिस राखणारे लोक हरणं मारून संख्या आटोक्यात ठेवतात, आणि तोडलेल्या तुकड्याभोवती पार्करासारखंच तात्पुरतं कुंपण घालतात. कुठं तारेची उंच जाळी, कुठं तोडलेल्याच फांद्यांची रचलेली दाट वई.